तित्तर नव्हे, पखुर्डी



या पानावरून आम्ही नेहमी आपणांस काही ना काही सांगत असतो. आज मात्र आरंभीच एक चूक कबूल करावयाची आहे. काही महिन्यांपूर्वी याच सदरात वाळवंटातील जीवसृष्टीविषयी एक टिपण आले होते. मूळ मजकूर इंग्रजी होता. तो निरनिराळ्या भाषांच्या आवृत्त्यांकडे भाषांतरासाठी गेला आणि मराठीचे काम माझ्याकडे आले. त्या टिपणात एका पक्ष्याचा उल्लेख होता. त्याच्या इंग्रजी नावातला पहिला शब्द वाळूचा, तर दुसरा थंड मुलखात राहणाऱ्या एका रानकोंबडीचा. हिंदी आवृत्तीच्या सहकाऱ्यांनी 'भट तीतर' हे त्यांच्याकडचे रूढ नाव योजले होते. छपाईची घाई होती. मी त्या दोन्ही नावांकडे पाहून 'वाळवंटी तित्तर' असा एक शब्द बनवला. तो वाचून चित्रकारांनी आखूड शेपटीचा एक गुबगुबीत तित्तर काढून दिला, आणि अंक आपल्या हाती पडला.

पंधरा दिवसांनी पानिपतहून एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या. यजमानांच्या नोकरीनिमित्त चाळीस वर्षांपूर्वी त्या पानिपतला आल्या आणि तेथेच राहिल्या. अक्षर सुवाच्य आणि भाषा सरळ होती. त्यांनी लिहिले होते, "तित्तर आम्ही येथे बारा महिने पाहतो. काला आंबच्या स्मारकाकडे जाताना दोन्ही बाजूंच्या शेतांतून त्याची हाक ऐकू येते. आपण लिहिता की, आपला पक्षी रोज सकाळी थव्याने कोसच्या कोस उडत पाण्यावर जातो. एक शेत ओलांडण्यापलीकडे तित्तर उडालेला मी तरी पाहिला नाही. आपला पक्षी दुसरा आहे. माझ्या माहेरच्या माळावर त्याला पखुर्डी म्हणतात. तिचे एक पीस माझ्यापाशी आहे. खात्री करावयाची असल्यास येऊन पाहावे."

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा अधिक खजील करणारे पत्र येणे कठीण. चूक दुसऱ्या भाषेतल्या शब्दाची असती तर इतके वाटले नसते. येथे आपल्याच भाषेत शब्द होता आणि तो मी शोधलाच नव्हता. दिल्लीपासून पानिपत सुमारे 90 किलोमीटर. एका रविवारी सकाळची गाडी धरून मी निघालो.

बाईंचे म्हणणे किती अचूक होते हे कळण्यासाठी आधी तित्तराकडे पाहिले पाहिजे. पानिपतच्या आसपास दोन जातींचे तित्तर आढळतात. एक करडा, आपल्या महाराष्ट्रातही सर्वत्र दिसणारा. दुसरा काळा. याला हरियाणाने आपला राज्यपक्षी मानले आहे, आणि त्याच्या हाकेत उत्तरेकडच्या लोकांना 'सुभान तेरी कुदरत' हे शब्द ऐकू येतात. दोघेही कोंबडीच्या गोत्राचे. पाय मजबूत, नराच्या पायाला आर; पंख आखूड आणि गोलसर. धोका दिसला की तित्तर प्रथम पळतो, अगदी पायाशी आल्यावर फडफडाट करीत उठतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा झुडपात शिरतो. लांबचा प्रवास त्याच्या पंखांना जमणारा नाही.

पखुर्डीची घडण याच्या नेमकी उलट. आकार साधारण कबुतराएवढा. पंख लांब आणि टोकदार, शेपटीच्या मधली दोन पिसे सुईसारखी निमुळती होऊन मागे आलेली. पाय इतके तोकडे, की जमिनीवर चालताना ती जणू सरपटत असल्यासारखी दिसते, आणि ते पायही पिसांनी झाकलेले. झाडावर ती कधी बसत नाही. तापलेल्या उघड्या माळावर खडे-मातीत बसली की दहा पावलांवरूनही नजरेस पडू नये असा तिचा रंग. नराचे अंग वाळूसारखे पिवळट तपकिरी, तोंडावर हळदीची छटा, छातीवरून आडवी गेलेली एक बारीक काळी रेघ, आणि पोट गडद तांबूस, मध्यभागी जवळजवळ काळे. मादीच्या अंगावर ठिपक्यांची आणि आडव्या रेघोट्यांची दाट नक्षी असते. पिलांना घेऊन बसलेली मादी म्हणजे वाळलेल्या गवताचे एक ढेकूळच म्हणावे.

तरीही मला विचाराल तर रंगावर फार विसंबू नये. उन्हात रंग फसवतो आणि दुर्बीण प्रत्येकाजवळ नसते. पखुर्डी ओळखावी ती तिच्या वेळेवरून आणि आवाजावरून. ऊन थोडे वर आले, म्हणजे साधारण आठ ते दहाच्या सुमारास, आकाशातून 'कट-रो, कट-रो' असा दुहेरी आवाज येऊ लागतो. पाठोपाठ सरळ रेषेत, वेगाने उडत जाणारे छोटे छोटे थवे दिसतात. सारे एकाच दिशेला, ठरलेल्या पाणवठ्याकडे. तेथे पोहोचल्यावर ते लगेच पाण्याशी जात नाहीत. जरा दूर उघड्यावर उतरतात, चाहूल घेतात, मग लगबगीने काठाशी येऊन पाणी पितात आणि क्षणभरही न रेंगाळता उडून जातात. कडक उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा एक फेरी होते. हिचीच एक बहीण आहे, रंगीत पखुर्डी. तिच्या अंगावर पट्ट्यांची शोभा असते आणि तिला खडकाळ, झुडपी जमीन आवडते. ती मात्र पाण्यावर येते तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटेच्या अंधारात. तेव्हा दिवसाउजेडी थवा दिसला तर एक आणि अंधार पडताना पंखांचा आवाज आला तर दुसरी, इतकी ही खूण सोपी आहे.

पाण्याची ही ओढ कशासाठी? पखुर्डीचे सारे अन्न म्हणजे कोरडे बी. किडे खाणाऱ्या पाखरांना अन्नातूनच ओलावा मिळतो, तसा हिला मिळत नाही. तेव्हा रहावयाचे निर्जळ माळावर आणि प्यावयासाठी रोज दूरवर जावयाचे, असा तिचा संसार आहे. बाईंच्या पानिपतला ती का दिसत नाही याचे उत्तरही यातच आहे. पश्चिम यमुना कालव्याच्या पाण्यावर तेथे गहू आणि भात डोलतो. उघडी, विरळ गवताची, तापलेली भूमी उरलेली नाही. पखुर्डीला पाणी हवे असते, परंतु पाण्याभोवतीची हिरवी दाटी तिला मानवत नाही.

पानिपतच्या त्या घरी चहा झाल्यावर बाईंनी कपाटातून एक जुना शालेय नकाशासंग्रह काढला. त्याच्या पानांत एका कागदाच्या घडीत ते पीस होते. त्या सात-आठ वर्षांच्या असताना आजोबांनी ते शेताच्या बांधावरून उचलून दिले होते. म्हणजे गोष्ट 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्यापूर्वीची. लांबीला करंगळीच्या दोन पेरांएवढे, टोकाकडे काळपट तांबडे, बुडाशी मऊ. दिसावयाला अगदी साधे. मोराच्या पिसाशेजारी ठेवले तर कोणी त्याकडे वळूनही पाहणार नाही.

"काकू, हे पखुर्डीचेच कशावरून?" मी विचारले.

त्या म्हणाल्या, "आजोबा सांगायचे, हे पीस पाणी पितं. तुम्हीच बघा."

या वाक्यात दडलेली गोष्ट पाश्चात्त्य पक्षिशास्त्राला मान्य होण्यास सत्तर वर्षे लागली, हे मला ठाऊक होते. म्हणून तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगतो. पखुर्डीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा एक उथळ खळगा. त्यात बहुधा तीन अंडी. दिवसा मादी बसते, रात्री नर. पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर लवकरच चालू लागतात आणि आपले बी आपणच टिपतात. पण ती उडू शकत नाहीत, पाणवठा कोसांवर असतो, आणि कोरडे बी खाऊन त्यांची तहान भागत नाही. मग ती जगतात कशी? इंग्लंडमध्ये मीड-वाल्डो नावाच्या गृहस्थांनी पिंजऱ्यात पखुर्ड्या पाळल्या होत्या. त्यांनी 1896 साली लिहिले की, नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांकडे येतो आणि पिले ती पिसे चोचीत धरून पाणी ओढून घेतात. बहुतेक जाणकारांनी मान हलवली. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा चाळा, असे म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवण्यात आली. पुढे टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात तेथील पखुर्डीचा अभ्यास केला आणि 1967 साली पुराव्यानिशी ती खरी असल्याचे दाखवून दिले.

नराचा तो विधी फार पाहण्यासारखा असतो. पाण्याशी येण्यापूर्वी तो कोरड्या मातीत पोट घासतो; त्यामुळे पिसांवरचे तेल निघून जाते. मग पोटापर्यंत पाण्यात उतरतो आणि अंग वरखाली हलवत काही मिनिटे पिसे चांगली भिजवून घेतो. आफ्रिकेतल्या जातीचा नर अशा रीतीने सुमारे 25 मिलिलिटर पाणी उचलतो आणि वीस-तीस किलोमीटर उडत नेतो. वाटेत बरेचसे वाऱ्याने आणि उन्हाने उडून जाते. उरते ते पिलांपुरते. पिलांजवळ येऊन तो ताठ उभा राहतो आणि पिले पोटाखाली गोळा होऊन एकेक पीस चोचीत धरतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कोकरे मेंढीला लुचत आहेत.

आता हे पीस पाणी धरते कसे? पक्ष्याचे कोणतेही पीस घ्या. मधोमध दांडा असतो, दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात आणि प्रत्येक तंतूला पुन्हा अतिसूक्ष्म उपतंतू असतात. नेहमीच्या पिसात या उपतंतूंना बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकून पिसाचे जणू घट्ट विणलेले कापड होते. म्हणून कबुतराच्या पंखावरून पाणी ओघळून जाते. पखुर्डीच्या पोटाच्या पिसात दांड्याजवळच्या उपतंतूंना आकड्यांऐवजी मळसूत्रासारखा पीळ असतो. कोरडे असताना ते वेटोळे घालून चपटे पडून राहतात. पाणी लागताच पीळ उलगडतो, तंतू उभे राहतात आणि त्यांच्या दाट रानात पाणी अडकून बसते. कडेचे तंतू सरळ असतात. भिजल्यावर ते आत झुकून वर जणू छप्पर धरतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेतील दोन संशोधकांनी संग्रहालयात जतन केलेली पिसे सूक्ष्मदर्शकाखाली भिजवून हा सारा प्रकार तपासला आणि 2023 साली प्रसिद्ध केला. म्हणजे पीस जुने असले तरी त्याचा गुण जात नाही. बाईंच्या पिसाची परीक्षा घेण्यास हरकत नव्हती.

एका ताटलीत ते पीस ठेवले. शेजारी तुलनेसाठी गच्चीवर पडलेले कबुतराचे पीस. त्यांच्या नातवाचे शाळेतले भिंग आणले. काकांनी औषधाच्या नळीने दोन्हींवर एकेक थेंब सोडला. कबुतराच्या पिसावर थेंब मोत्यासारखा थरथरला आणि ताटली कलती करताच निघून गेला. दुसऱ्या पिसावरचा थेंब क्षणभर दिसला आणि मग दिसेनासा झाला. भिंगातून पाहिले तर जेथे पूर्वी तलम, चपटा भाग होता, तेथे बारीक लव उभी राहिली होती. आणखी एक थेंब सोडला, तोही आत गेला. ताटली उलटी केली तरी पाणी गळेना.

काका उठून आत गेले आणि एक टॉवेल घेऊन आले. पानिपत हे मागांचे शहर. सतरंज्या, कांबळी, पायपुसणी, टॉवेल यांचा तेथे मोठा व्यवसाय आहे आणि काकांचा उमेदीचा सारा काळ त्याच धंद्यात गेलेला. टर्किश टॉवेलवरची सुताची उभी वेटोळी बोटाने दाखवीत ते म्हणाले, "साधं कापड पाणी वरच्यावर पुसतं. ही वेटोळी आहेत म्हणून हा पाणी पोटात घेतो. तुमच्या पाखराकडं हा माग आधीपासून आहे." मी आजवर वाचलेल्या कोणत्याही वर्णनापेक्षा ही उपमा मला अधिक समर्पक वाटली. फरक इतकाच की, टॉवेलाची वेटोळी कायमची उभी असतात. पखुर्डीची तहान लागेपर्यंत मिटून असतात.

पीस नराचे असावे, असे मी त्यावरून ठरवले की, त्यावर मादीच्या पिसासारख्या रेघोट्या नव्हत्या. एकसारखा गडद रंग होता. मादीची पोटाची पिसेही थोडे पाणी धरतात, परंतु नराइतके नव्हे. तित्तराच्या पिसात ही करामत मुळीच नसते. माझ्या शब्दाचा निकाल त्या ताटलीतच लागला.

या पक्ष्याला तित्तर म्हटल्याने असे काय बिघडले, असे कोणी विचारील. माझेही प्रथम तेच मत होते. परंतु पखुर्डी कोंबडीच्या गोत्राची नाहीच. तिचा गणच स्वतंत्र आहे. अलीकडच्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासानुसार तिचे जवळचे आप्त म्हणजे कबुतरे आणि माडागास्कर बेटावरचे काही दुर्मीळ पक्षी. तित्तर समजून तिला झुडपांत शोधणाऱ्याला ती कधी सापडणार नाही. आणि तित्तराला जगवावयाचे तर झुडपी कुंपण राखावे लागते, पखुर्डीला जगवावयाचे तर उघडा माळ आणि त्यावरचा एखादा शांत पाणवठा. नाव चुकले की राखावयाची जागाही चुकते. आपल्याकडे अशा माळाला सरकारी कागदोपत्रीसुद्धा पुष्कळदा 'पडीक' म्हणतात. मग त्यावर झाडे लावण्याचा उत्साह येतो, किंवा नांगर फिरतो. सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोकाच्या नावाने राखलेल्या गवताचा आसरा तेथे पखुर्डीलाही मिळतो. माळढोक आज अत्यंत विरळ झाला आहे. पखुर्डी त्या मानाने सुदैवी आहे, अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.

तिच्या वक्तशीरपणाचा माणसाने पूर्वी फायदाही घेतला. बिकानेरजवळच्या गजनेर तलावावर संस्थानी काळात, हिवाळ्यात बाहेरून येणाऱ्या मोठ्या, काळ्या पोटाच्या पखुर्ड्यांची शिकार हा पाहुण्यांच्या सरबराईचा भाग होता. थवे ठरल्या वेळी येणार हे माहीत असल्याने बंदूकवाल्यांना आडोशाला बसून राहण्यापलीकडे काही करावे लागत नसे. आता शिकारीला कायद्याने बंदी आहे. रानातल्या पक्ष्यांची पिसे उचलून घरी आणणेही आज योग्य नाही. सापडलेच तर जागेवरच निरखावे, वहीत रंग आणि माप टिपून घ्यावे आणि तेथेच ठेवावे. पाणवठ्याशी थवा पाहावयाचा असेल तर वाऱ्यापलीकडे, दूर, न हलता बसावे. माणूस काठावर उभा राहिला तर नर भिजल्यावाचून परततो, आणि त्या दिवशी पिलांचे काय होते ते आपणांस दिसत नाही.

निघताना काकूंनी ते पीस पुन्हा कागदात ठेवले नाही. ते ओले होते, म्हणून खिडकीशी एका बशीत वाळत घातले होते. गाडीच्या वेळेपूर्वी मी पुन्हा एकदा भिंग लावून पाहिले. कडेची लव बसू लागली होती आणि वेटोळी हळूहळू मिटत होती.

तर त्या टिपणातील 'वाळवंटी तित्तर' हा शब्द वाचकांनी खोडून तेथे 'पखुर्डी' असे लिहावे आणि त्यासोबतचे चित्र रद्द समजावे. नवे चित्र पुढील अंकी देत आहोत. ते छापण्यापूर्वी पानिपतला दाखवून आणले आहे. आपल्या जिल्ह्यात, आपल्या गावच्या माळावर या पक्ष्याला दुसरे काही नाव असेल तर ते जरूर कळवावे, आणि ते कोणाच्या तोंडून ऐकले तेही लिहावे. पाणवठ्यावरच्या थव्यांची वेळ कोणी टिपून ठेवली असेल, तर महिन्यासह पाठवावी.